सोबतीला आणलेलं पिल्लू

७ फेब्रुवारी, शनिवार

पिल्लू! न विचारता, न सांगता. हा दुपारीच कामावरून परतला, हातात बुटांचं खोकं. मला वाटलं, चला, एकोणीस वर्षांनी नवऱ्याने बायकोसाठी बूट आणले! झाकण उघडलं तर आत तपकिरी, मुठीएवढं, थरथरणारं. एक कान उभा, एक पडलेला.

"कुणाचं आहे?"

"आपलं. म्हणजे तुझंच." कुठल्याशा इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला गेला होता, तिथल्या वॉचमनच्या कुत्रीला सहा झाली म्हणे.

"मला नकोय. दिवसभर मी दुकानात, तू लिफ्टच्या खड्ड्यात. बघणार कोण याच्याकडे?"

"तुला सोबत होईल."

"तू आहेस की!"

हा हात धुवायला निघून गेला.

८ फेब्रुवारी, रविवार

चटईवर तीनदा. एकदा माझ्या चपलेत. त्याच्या नाही, माझ्याच!

११ फेब्रुवारी, बुधवार

खालचे काका वर आले. निवृत्त कंडक्टर, एकटेच राहतात. जिन्यात कुणी उभं दिसलं की अजून "पुढे चला, पुढे चला" करतात. दारातूनच म्हणाले, "बाई, आमच्या गॅलरीत वरून पाऊस पडतोय. पिवळा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग पिल्लाकडे वाकून, "तिकीट काढलंयस का रे?" आणि गेले. हसले मात्र नाहीत.

नवऱ्याला म्हटलं, निदान सकाळचं तू बघ. तर म्हणे, "नको. तूच खायला घाल. तुझी सवय लागू दे त्याला." दुधात पाव किती भिजवायचा ते मला शिकवतो! लस कधी, जंताचं औषध कधी, सगळं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलंय. या घरात ज्याने कधी खिळा ठोकला नाही, त्या माणसाने.

पण खरं सांगू? या चार दिवसांत तो माझ्याशी जेवढं बोलला तेवढं गेल्या वर्षभरात नव्हता बोलला. कुत्र्याबद्दल का होईना.

१५ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं त्याने. सकाळी, चहाचे कप समोर असताना. पेपरातली बातमी वाचून दाखवावी तसं. येत्या शनिवारी जातोय. दुसरी एक आहे. दोन वर्षं झाली.

मी काय म्हणाले? "तुझ्या चहावर साय आलीय." खरंच, एवढंच म्हणाले!

पिल्लू त्याच्या पायात घुटमळायला लागलं तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

"म्हणून आणलंस हे?"

"तू एकटी पडशील म्हणून..."

म्हणजे रजेवर जाताना बदली माणूस देऊन जातात तसं. बदलीवर कुत्रं! मला हसू फुटलं. थांबेचना. तो घाबरला, पाणी घेऊन आला. ते मी प्यायले. त्याच्या हातचं पाणी मुकाट्याने प्यायले, ती लाज वेगळीच.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दुकानात चष्म्याच्या काचा घासताना तीन फोडल्या. मालक काही बोलला नाही. त्याचाच जास्त राग आला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

लेकीचा फोन, हॉस्टेलवरून. "आई, पिल्लाचे फोटो पाठव ना!"

म्हटलं, बाबा जातोय. तिने 'कुठे?' असंही विचारलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"बाबा म्हणाला होता, तोच सांगेल तुला."

सुट्टीत आली होती, माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. तेव्हाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत. मीच एक आपली घरात वावरत होते.

२१ फेब्रुवारी, शनिवार

गेला. दोन बॅगा आणि हत्यारांची पेटी. पिल्लू त्याच्या मागे मागे जिन्यापर्यंत. त्याने उचलून माझ्या हातात दिलं. "जप," म्हणाला. कुणाला म्हणाला, मला की पिल्लाला, कळलं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कामावर गेले नाही. आंघोळ नाही. उठायचं कशासाठी? तर हे तोंडाशी येऊन कुईकुई करतं म्हणून. याला भूक लागते. मला लागत नाही. चिडून अंगावर ओरडले तर पोट वर करून आडवं पडलं. इतकं कुणी कुणापुढे पडू नये! मीही एकोणीस वर्षं... जाऊ दे.

त्याच्या उशीचा अभ्रा ओढून कोपऱ्यात नेलाय. त्यावरच झोपतं. धुवायला उचलला. पुन्हा तिथेच टाकला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

हे लिहायचं नव्हतं. पण दुसऱ्या कुणाला सांगू?

दुपारी दार उघडं ठेवलं. मुद्दाम. सताड. पिल्लू उंबरठ्यावर बसून माझ्याकडे बघत राहिलं. मी भिंतीकडे तोंड करून पडले. जिन्यावर नखांचा आवाज — एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी. मग काहीच नाही. मनात म्हटलं, सुटलं बिचारं. आणि मी पण.

अर्धा तास पडून होते. अर्धा तास! मग अनवाणीच धावले. रस्त्यावर नुसत्या गाड्या. पिल्लू कुठेच नाही. हाक मारायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, याचं नावच ठेवलं नाही. काय म्हणून हाक मारू? "ए! ए!" करत ओरडत सुटले. माणसं वळून वळून बघत होती.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

पेट्रोल पंप, शाळेची मागची भिंत, कचऱ्याचे डबे, गॅरेजमधल्या गाड्यांखाली. नाही.

१ मार्च, रविवार

जिन्यात काका भेटले. "कुत्रं दिसत नाही?"

"दार चुकून उघडं राहिलं हो."

माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "चुकून?" एवढंच.

मी मान हलवली.

दोन वर्षं हा माणूस खोटं कसं बोलला असेल, हा प्रश्न मला छळायचा. आता कळलं. काही लागत नाही त्याला. नुसती मान हलवायची. शिवाय त्याने निदान समोर बसून सांगितलं. मी तर भिंतीकडे तोंड फिरवलं.

३ मार्च, मंगळवार

लेकीने विचारलं, पिल्लू कसं आहे? म्हटलं, मजेत. फोटो मागितला. जुनाच पाठवला. तिने तीन बदाम धाडले.

कुणाला तरी खरं सांगितलं नाही तर वेड लागेल मला. पण कुणाला? आहे कोण?

४ मार्च, बुधवार

सकाळी खाली जाऊन काकांची बेल दाबली. त्यांनी दार उघडायच्या आत तोंडातून निघून गेलं, "चुकून नव्हतं काका. मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं."

"माहीत आहे," दार उघडत म्हणाले. "मी जिन्यातच होतो. तुम्ही याल म्हणून थांबलो. मग आत घेतलं. नंतर तुम्हाला ओरडताना ऐकलं, पण परत द्यायचा धीर झाला नाही." आणि आतल्या खोलीकडे वळून, "चिल्लर!"

आलं! माझ्याकडे नाही. त्यांच्या पायांमागे लपलं.

मी हात पुढे केला. काका म्हणाले, "आज नाही. उद्या या. नुसत्या बसा त्याच्याजवळ. मग बघू."

उद्या सातला. उशीर चालणार नाही म्हणाले.