बुडालेल्याच्या वतीनं

३ ऑक्टोबर
आज नवा पुजारी म्हणून कुराइसो या मच्छीमारांच्या गावी पोचलो. मासळी देणाऱ्या एबिसू देवाचं देऊळ धक्क्याच्या अगदी वर आहे. पूजेला बसलं की खाली होड्या दिसतात. दारात माकुळं वाळत घातली आहेत. होड्यांचे म्होरके तांडेल इवाकिची आणि त्यांची बायको तोसेकाकू गरम भात घेऊन आले. डोंगरातला माणूस इथे किती टिकतो ते बघू, असं तांडेल हसत म्हणाले. मला जागा फार आवडली.

७ ऑक्टोबर
जाळ्यांची पूजा करायला होडीवर गेलो होतो. परतताना एक प्रेत तरंगताना दिसलं. बुडालेला माणूस म्हणजे इथे एबिसूच. त्याला सोडून यायचं नाही, पण वर घेण्याआधी वचन मागायचं. तांडेल वाकून म्हणाले, "मासळी देशील ना? देत असशील तरच घेतो." मेलेल्याच्या वतीनं कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. सगळे इकडेतिकडे बघायला लागले.
"पुजारीबुवा, तुम्हीच बोला की! देवाशी रोजची ओळख तुमची," कुणीतरी म्हणालं.
मला हसू आलं. म्हटलं, "देईन."
त्याला देवळामागे पुरलं.

१२ ऑक्टोबर
जाळ्यात तारली इतकी, की होड्या काठापर्यंत दबलेल्या. दोन वर्षांनी! मला खांद्यावर घेऊन नाचले.
तळहात मात्र सुरकुतलेत, तासभर पोहल्यासारखे.

१५ ऑक्टोबर
सुरकुत्या कोपरापर्यंत. खोकल्यातून खारं पाणी येतं. काकूंनी ते पाहिलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, की वचन मेलेला पाळत नाही, ज्याच्या तोंडून निघालं तो पाळतो. म्हणून इथलं कुणी बोलत नाही. आधीचे पुजारी कुठे गेले, असं विचारलं. त्या उठून गेल्या.

१८ ऑक्टोबर
थडग्यापाशी जाऊन वचन मागे घेतलं. तीनदा, मोठ्यानं. दुपारी सगळ्या होड्या भरून आल्या.

१९ ऑक्टोबर
पळालो. खिंडीपर्यंतच. कोरडी हवा छातीत जाईना — तडफडत पडलो. गावकऱ्यांनीच ओल्या गोणपाटात गुंडाळून परत आणलं.

२१ ऑक्टोबर
काकू बाहेर भांडत होत्या, "अहो, डॉक्टरकडे न्या त्याला! कुणाचं तरी लेकरू आहे ते."
तांडेल म्हणाले, "हंगाम संपू दे."
मग दारात येऊन देवापुढे वाजवतात तशा दोन टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

२२ ऑक्टोबर
देवळाच्या हौदातच बसून. तोंड पाण्याखाली धरलं की बरं — वही काठावर — बोटं मिटत नाहीत.

२३
धक्क्यावर आनंदाचा आरडाओरडा. आजही भरून — काकू हौदाशी बसल्यात. रडताहेत. हाक मारायची आहे म्हणून नाव विचारताहेत. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी —
नाव. माझं नाव —