बिडीचा आळ

अप्पा, परवा मी दवाखान्यात एका नळीत फुंकून आले. फुंका, अजून, अजून, असं तिथली मुलगी ओरडत होती आणि माझा श्वास अर्ध्यातच संपत होता. आताशा दुसऱ्या मजल्यावर जाताना मला जिन्यात थांबावं लागतं. तुम्ही थांबायचात तसंच, कठड्याला हात लावून, जणू खालच्या कुणाशी बोलायचं राहून गेलंय. डॉक्टरीणबाईंनी माझी कंबर मोजली, साखर, बीपी, रक्तातली चरबी सगळे कागद शेजारी मांडले आणि विचारलं, सिगारेट ओढता का? म्हटलं, उभ्या जन्मात नाही. त्या म्हणाल्या, ही सगळी दुखणी एकत्र नांदायला लागली की पुष्कळदा फुप्फुसांचा जोरही कमी होतो. वाढलेलं पोट छातीखालचा पडदा वर रेटतं, शरीरात आतल्या आत थोडी सूज राहते. त्याला बिडी ओढायलाच लागते असं नाही. त्या पुढेही बरंच बोलल्या, पण माझं लक्ष तुमच्याकडे गेलं होतं.

सातपूरच्या कारखान्यातून पहिली पाळी करून तुम्ही चारच्या सुमारास घरी येता. पोट शर्टाच्या गुंड्यांना ताण देतंय, धाप लागलीय, शर्टाला धुराचा वास आणि खिशात बडीशेपेची पुडी. तुम्हाला साखर निघाल्यापासून आईनं गोड बंद केलेलं. मी बारावीला, शास्त्र शाखेत, म्हणजे जगातलं सगळंच मला कळत होतं. गेटबाहेरच्या टपरीवर अख्खी पाळी घोळक्यानं चहा पिते आणि त्यात न ओढणाराही धुरकटून निघतो, एवढं मात्र कळत नव्हतं. एका दुपारी मी तुमचा शर्ट खुंटीवरून काढून आईच्या नाकासमोर धरला. तुम्ही पाटावर बसून श्वास सावरत होतात.

"बिडी नाय गं पीत मी," तुम्ही म्हणालात. "जिलबी खातो कधीमधी. बडीशेप त्याच्यासाठी."

"जिलबीनं कुणाला धाप लागते का, अप्पा?"

आई हसली. तुम्हीही हसलात जरासं. दुसऱ्या दिवसापासून घरात आल्या आल्या तुम्ही शर्ट स्वतःच बादलीत भिजवू लागलात आणि मी तोही पुरावाच मानला. किती आगाऊ होते मी. माझा निकाल लागला त्या दिवशी तुम्ही मेनरोडवरून पावशेर जिलबी आणलीत, एक वेढा हातात धरून आईकडे पाहिलंत, तिनं मान हलवल्यावर डोळे मिटून सावकाश खाल्लात. पाक मनगटापर्यंत ओघळला होता. त्या दिवसाची मला फार आठवण येते. इतक्या आवडीनं खाणारा माणूस खोटं कशाला बोलेल, हे तेव्हाच सुचायला हवं होतं.

तुम्ही गेलात तेव्हा दशक्रियेला रामकुंडावर आलेले लोक विचारत होते, काय झालं होतं? मीच सांगत होते, बिडीनं नेलं. तुमचे पाळीतले दोघे जण एकमेकांकडे बघत राहिले, पण लेकीसमोर काय बोलणार. पुढे माझा मुलगा कॉलेजात जायला लागला, तेव्हा त्यालाही मी आजोबांची हीच गोष्ट सांगितली, चांगली रंगवून.

काल त्याला समोर बसवलं. माझा रिपोर्ट दाखवला, तुझ्या आजोबांबद्दल एक सांगायचंय म्हटलं. मी पुढे बोलायच्या आत तोच म्हणाला, "माहितेय गं आई. मित्र किती आग्रह करतात, पण आजोबा आठवतात. म्हणूनच मी अजून सिगारेटला हात लावलेला नाहीये."

अप्पा, मी त्याला काहीच सांगितलं नाही. रिपोर्ट घडी करून ठेवला आणि जेवायला वाढलं.