कडूबाईच्या पायाचे नकाशे

कोंडवाडी, ता. गंगाखेड
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय रेणुका,

सप्रेम जयभीम. दोन वर्षांनी माझं पत्र बघून दचकशील. फोनच करणार होते, पण तू मध्येच "असू दे गं" म्हणशील आणि मी सुटून जाईन. पूर्णेच्या त्या खासगी दवाखान्यात मन रमलं का? इकडे ऊसतोड जोरात आहे, पायाच्या जखमांची रांग आहे, आणि ड्रेसिंगच्या खोलीतला पंखा तू गेलीस तेव्हापासून बंदच आहे.

बातमी अशी की सरकारने संशोधनासाठी अनुदान काढलं. अट एकच, संशोधन नर्सने किंवा फिजिओथेरपिस्टसारख्या कर्मचाऱ्याने चालवलेलं हवं. मी आपल्या जखमांच्या नकाशांवर अर्ज केला. सलाइनच्या पिशवीवरचा पारदर्शक कागद स्पिरिटने पुसून जखमेवर धरायचा, पेनाने कड आखायची, तारीख टाकायची. दर आठवड्याला आकार लहान होतो की नाही, हे अडाणी बाईलाही दिसतं.

आपल्या डॉक्टरसाहेबांनी आजवर एका पायाची पट्टी सोडलेली नाही, तुला माहीतच आहे. पण अनुदानाचा वास लागला आणि म्हणाले, "सिस्टर, कागदावर तुमचंच नाव राहू द्या. समितीपुढं मी बोलतो. तुम्हाला जमायचं नाही." समितीपुढं परभणीला जाताना गाडीत त्यांनी मला मागे बसवलं, फायलींच्या गठ्ठ्याशेजारी.

समितीत एक वयस्क बाई होत्या, नर्सिंगच्या शिक्षिका. त्यांनी विचारलं, कडेबाहेर हे ठिपके कसले? साहेब म्हणाले, "शाईचे डाग आहेत, मॅडम." मला इतकी किळस आली, की उठूनच उभी राहिले. म्हटलं, डाग नाहीत. रुग्णाला जिथे ठणकतं तिथे ठिपका देतो. ठिपके पसरले की समजायचं, जखम आतून चिघळतेय, वरून कितीही बरी दिसो. बाईंचा चेहरा उजळला. साहेबांचा पडला. बाईंनी मला विचारलं, "हे कुणाला सुचलं?"

इथे मी साहेबांच्या आणखी चार गोष्टी लिहिणार होते. परतीच्या वाटेवर काय बोलले, नागनाथ शिपायासमोर कसे ओरडले. पुरे झालं ते.

मी म्हणाले, "मला."

ठिपके तुझे, रेणुका. मी तेव्हा हसले होते तुला, "ठणकतंय कुठं म्हणून काय इचारतीस" म्हणून. अर्ज लिहितानाही तुझं नाव घातलं नव्हतं. तू कंत्राटी होतीस, कंत्राट वाढवलं नाही, गेलीस, आता नाव कशाला, असं मनाला सांगितलं. साहेबांनी माझं जे केलं तेच मी आधी तुझं करून बसले होते. त्यांची किळस येते म्हणून दोन आठवडे घरभर बोलत हिंडले. स्वतःची आली ती परवा.

परवा कडूबाई आली ड्रेसिंगला, तीच टाचेची जुनी जखम घेऊन. अनुदान मंजूर झाल्याचे पेढे मी तिच्या हातावर ठेवले. तिने ते पदराला बांधले आणि म्हणाली, "त्या दुसऱ्या शिस्टर कुठं गेल्या वं? त्या लय येळ इचारायच्या, कुठं ठणकायलंय. तुमी निस्तं आखता."

रेणुका, तू गेल्यापासूनच्या कागदांवर मी ठिपके अंदाजाने दिले आहेत. रांग मोठी असते, विचारायला वेळ होत नाही. दोन वर्षांचे ठिपके खोटे आहेत. तिची टाच मी दाबून पाहिली तर आतून पू आला.

तिला त्याच दिवशी नांदेडला पाठवलं. पाय राहील म्हणतात.

आज समितीला रजिस्टर पत्र टाकलं. पद्धत कुणाची आणि कुठले कागद खरे, दोन्ही लिहिलं. अनुदान परत जाईल बहुतेक. नोकरीचंही काय होईल ते होईल. साहेबांना अजून सांगितलेलं नाही.

सोबत कडूबाईचा पहिला कागद पाठवते, तुझ्या अक्षरातला. चार ठिपके आहेत, चारही विचारून दिलेले. माफी मागत नाही. समिती तुला विचारेल तेव्हा मला सांभाळून घेऊ नकोस.

तुझ्यानंतर कुणालाच न विचारणारी,
सुकेशनी