एवढं सूप होऊ दे

आये, तू गेलीस त्याला वीसेक वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुझ्याशी मनातल्या मनातही धड बोललो नाही, आणि आज राहात्याच्या या घरात ओट्याशी खुर्ची ओढून, नातीच्या जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानांवर तुला लिहायला बसलोय. घरात बोलायला माणूस नाही असं नाही. आतल्या खोलीत तुझी सून कॉटवर पडून आहे. दोन वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. 'अहो'मधला 'हो' तेवढा तिच्यापाशी राहिला, मला बोलवायचं तर तेवढंच म्हणायची. पुण्याची पोरगी मागे लागली होती, मम्मीला इकडं एका सेंटरमध्ये ठेवू, तिथं चोवीस तास बाया असतात. मी ऐटीत सांगितलं, मी जिवंत असेपर्यंत ती परक्याच्या हातचं पाणी पिणार नाही. साखर कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होतो, ऊस पिळायची अख्खी मिल खोलून परत बसवलेली. घरातली चार कामं ती काय, असा माझा ताठा.

तो ताठा आठ दिवसांत उतरला. एका शेगडीवर कुकर, दुसरीवर दूध, मोरीत मशीन फिरतंय, आतून 'हो', आणि वर मोबाईल वाजतोय. धावत एकाकडं जावं तर दुसरं बोंबलतंय. भाजीत मीठ दोनदा पडायचं नाहीतर पडायचंच नाही. भाकरीचं तर विचारूच नको. मी कारखान्यातला माणूस, सहा भाकरींचं पीठ एकदमच मळून मोकळा झालो. पहिली कशीबशी निघाली, पुढच्या सगळ्या तव्यापर्यंत नेताना हातातच फुटल्या. शेजारच्या भाभी डबा द्यायला आल्या होत्या, त्यांनी ते बघितलं आणि तोंडाला पदर लावला. म्हणाल्या, भाऊ, बाजरीचं पीठ एका भाकरीपुरतंच मळतात, ती तव्यावर पडली की मग पुढचीचं घ्यायचं. साठ वर्षं तुमच्या हातच्या भाकरी खाल्ल्या, तुझ्या आणि हिच्या, आणि एवढं मला माहीत नव्हतं. त्याच आठवड्यात एकदा हिनं पेज सांडली, नुकत्याच बदललेल्या चादरीवर, एका सकाळी दुसऱ्यांदा. मी तिच्या तोंडावर म्हणालो, "मर एकदाची. सुटशील न् मलाबी सोडवशील." तिला बोलता येत नाही, कळतं मात्र सगळं. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. तेवढ्यात ओट्यावर दूध उतू जाऊन पातेलं करपलं.

त्या दिवशी मी गॅस बंद केला, मशीन बंद केलं, मोबाईल कपाटात टाकला आणि ते पातेलं घेऊन मोरीत फतकल मारून बसलो. मनात आलं, निदान हे एक तरी पुरतं करू. मग नुसतं पातेलं. पुढचं भांडं नाही, संध्याकाळची गोळी नाही, पोरीला काय उत्तर द्यायचं ते नाही. घासणी फिरतेय, काळं सुटतंय, खालचं पितळ हळूहळू वर येतंय. किती वेळ गेला कुणास ठाऊक. उठलो तेव्हा पातेलं लख्ख होतं. आत गेलो आणि चादर बदलली, तेव्हाही नुसती चादरच. तिला राग आलाय का, उद्या परत सांडेल का, काही नाही; चार टोकं ताणून गादीखाली खोचली. तेव्हापासून माझं बस्तान बसलं बघ. तांदूळ निवडताना तांदूळ, फरशी पुसताना ती एक फरशी. आमच्या दारावरून माणसं शिर्डीला जातात शांती मागायला, मला ती मोरीत सापडली. जवळजवळ दोन वर्षं मी हिच्यावर आवाज चढवला नाही. पोरगी सुट्टीला आली की मला बघत राहायची, पप्पा, तुम्ही किती बदललात म्हणायची, आणि सेंटरचं नाव तिनं काढणं सोडलं.

पण हे मला सुचलं कुठून, ते मी तिला सांगितलं नाही. ते तुझं होतं, आणि तुझ्या त्याच गोष्टीवर माझा जन्माचा राग. कोल्हारच्या घरात पडवीत वडिलांची, आबांची बाज. छातीच्या दुखण्यानं वर्षभर अंथरुणाला खिळलेले, सारखे खोकतायत, सारखी हाक. मी चौदा वर्षांचा, शाळेतून आलोय, दप्तर अजून पाठीवर. तू आतल्या उंबऱ्याशी पाय पसरून बसलीयेस, मांडीवर सूप, सुपात बाजरी. आबा हाका मारतायत आणि तुझी मान खाली, बोटं खडे वेचतायत. मी म्हणालो, आये, आबा बोलवत्यात. तू वर न बघता म्हणालीस, "ऐकलं. एवढं सूप होऊ दे." मी ओरडलो, "तुला काळीज हाय का न्हाई?" तू खडे मुठीत घेऊन अंगणात टाकलेस, सूप भिंतीला उभं केलंस, मग उठलीस. आबांना फक्त पाणी हवं होतं. ते गेले त्यानंतर दोन महिन्यांनी, आणि गेले तेव्हा तू जवळच होतीस, त्यांचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. पण मी ते सूपच धरून बसलो. तुझ्या शेवटच्या आजारात औषधं आणली, डॉक्टर आणला, सगळं वेळच्या वेळी केलं, आणि तुझ्या उशाशी मात्र घटकाभर बसलो नाही. तू विचारलंही नाहीस का ते. मी वाईट वागलो, आये.

गेल्या महिन्यात ही कॉटवरून पडली. सकाळची वेळ, पिठलं करपलेली लोखंडी कढई घेऊन मी मोरीत बसलेलो. तिला खाली उतरायचं होतं, ती एकटीच उठायला गेली. खुब्याचं हाड मोडलं. नगरला नेऊन ऑपरेशन केलं. पोरगी पुण्याहून आली, दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसली आणि एकच विचारलं, "पप्पा, मम्मीनं हाक मारली नव्हती का?" मी म्हणालो, मारली असेल बाळा, नळ धो धो चालू होता, आणि माझे कान तुला माहीत आहेत, मिलच्या आवाजानं गेलेले. तिनं माझा हात हातात घेतला. म्हणाली, बायकोसाठी एवढं करणारा माणूस मी दुसरा बघितला नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मग बाजारातून एक बिनवायरची घंटी आणली, बटण हिच्या डाव्या हाताशी बांधलं, घंटी मोरीच्या दाराशी लावली. दोनदा दाबून दाखवलं आणि निर्धास्तपणे परत गेली.

हिनं ते बटण एकदाही दाबलेलं नाही. 'हो' म्हणणंही सोडलं. चादर ओली झाली तरी तशीच पडून राहते, मी गेलो की माझ्याकडं बघते. रोज सकाळी मीच घंटी वाजवून बघतो. चांगली वाजते.

पोरीला खरं सांगितलं तर ती आईला घेऊन जाईल, आणि कदाचित तेच बरोबर होईल. माझ्यानं होत नाही. म्हणून तुला लिहितोय, तू कुणाला सांगायला येणार नाहीस. तुला विचारायचं होतं, त्या दिवशी आबांच्या किती हाका ऐकल्यावर तू उठलीस, आणि त्या ऐकताना तुला काय वाटत होतं.

नळ बंद होता, आये. पहिली हाक मला नीट ऐकू आली, दुसरीही आली. हातात कढई होती, मन थाऱ्यावर होतं, आणि मला उठावंसं वाटलं नाही.