सेत्तुपुण्णु, म्हणजे चिखल्या

४ नोव्हें., वेलचेरी
उजवा तळहात पुन्हा कोरडा. रेषांमध्ये पीठ भरल्यासारखं पांढरं. डावा स्वच्छ. साबणाने झालं असतं तर बहुधा दोन्ही हातांना झालं असतं. सिरुसेरीला ऑफिसच्या दारावर यंत्राने माझा अंगठा नाकारला. मागचे हसले. मीही.

७ नोव्हें.
त्वचेच्या डॉक्टरबाई. हात पाहून म्हणाल्या, "मोजे काढ." पाय ठीक. मग, "दुसऱ्या कुणाच्या पायांना हात लावतेस?"
लावते. रविवारी घरमालकीण मामींच्या पायांना तेल चोळते, उजव्या हाताने. मामी तंजावरच्या मराठी, एकट्या, साखरेचा जुना आजार.
बाईंनी तळहाताची कातडी खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बुरशी, बहुधा मामींच्या पायांवरून आलेली. मला मलम. "त्यांना घेऊन ये. लवकर." मग पुन्हा, "लवकर."

संध्या. मामींचे पाय नीट उजेडात घेतले. करंगळीच्या फटीत कातडी पांढरी, भिजल्यासारखी, सोललेली. खाली चीर. तळव्यांवर कोरडा कोंडा.
"अय्यो, सेत्तुपुण्णु ते! तुमच्याकडे चिखल्या म्हणता ना?"
सेत्तु म्हणजे तमिळमध्ये चिखलच. दोन्ही भाषांनी दोष चिखलावर टाकला, म्हणून जणू तो आजार नव्हेच. पण मामी तर महिनोन्‌महिने घराबाहेर पडलेल्या नाहीत.

८ नोव्हें.
यायला तयार नाहीत. "मज खाजत नाही ग. खाजेल तेव्हा जाऊ."
म्हटलं, डोळे मिटा, पेन कुठे टेकवते ते सांगा. मी टेकवत गेले: अंगठा. करंगळी. टाच.
मामी वाट पाहत होत्या. "टेकव की आधी!"
हात धुतले. पुन्हा धुतले.

९ नोव्हें.
सकाळी पाऊल लाल, गरम, चपलेत मावेना. दुखत नाही म्हणाल्या. तेच ऐकवेना. रिक्षात घातलं. "एवढ्याशा चिखल्यांसाठी इस्पितळ! शेजारी हसतील." "हसू देत."
दाखल केलं. बुरशीने चीर पडली, चिरेतून जंतू आत शिरले. सलाईनमधून औषध चालू. पाय वाचेल का, हे मी विचारलं नाही. घोट्याच्या वर, लाली संपते तिथे, डॉक्टरांनी शाईने रेष ओढली. उद्या लाली रेषेच्या खाली दिसायला हवी.
मामींनी दारातली रांगोळी पाहावी तसं वाकून पाहिलं. "कोलम वाकडं आलं, डॉक्टर."
नर्स हसली. मग पायांवर चादर ओढली. रेष दिसेना.