भिंतीवरचं बटण

टॅम्सिन,

मी क्लिनिकला जातेय. बाबांचा लॅम्ब स्ट्यू बारीक करून ओव्हनमध्ये ठेवलाय. पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा देऊ नकोस.

कपडे धुण्याच्या खोलीतला कॉम्प्युटर आज परत भिंतीवरच्या बटणावरून बंद केलेला होता. बाबांच्या मेंदूतलं प्रोटीन चुकीचं कसं दुमडतं, याची आकडेमोड जगभरातले घरोघरचे कॉम्प्युटर वाटून घेतात, त्यातला एक आपला. बंद केला म्हणून मी महिनाभर बाबांवर ओरडत होते. पण ते बटण वॉशिंग मशीनच्या मागे आहे, आणि त्यांच्या हातात आता चमचाही ठरत नाही.

बाबांचा आजार माझ्यात उतरलाय का, ते आज कळणार. तुला ते जाणून घ्यायचं नाही, हे मान्य. पण आपण हुबेहूब जुळ्या. माझ्या रक्तात जे निघेल तेच तुझ्या. घरी येताना तोंड कुठे लपवू? म्हणून दोन दिवस डेव्हनपोर्टला वेरा मावशीकडे राहते. चेहरा कोरा ठेवायला जमला की येते.

कॉम्प्युटर चालू करून ठेवलाय. चिडायचं तर माझ्यावर चीड, त्याच्यावर नको.

मेरिन