तलावाच्या दारात अडलेली ताई

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? (माझे उत्तम आहेत. ते पाण्यात उतरून दाखवायची संधी तुझ्या चिरंजीवाने नाकारली, म्हणून हे पत्र.)

आमच्या कोपऱ्यावरच्या पोहण्याच्या तलावाचं सभासदत्व आता संगणकावरूनच मिळतं, आणि तो प्रोग्रॅम लिहिलाय तुझ्या लाडक्याने. मी नाव, पत्ता, उंची, सगळं नीट भरून बटण दाबलं. उत्तर आलं, ‘चूक.’ बस्स! कसली, कुठे, काही नाही. पुन्हा भरलं, पुन्हा ‘चूक.’ अगं, जन्मभर शाळेत दुसऱ्यांच्या चुका काढलेली बाई मी! आपल्या कॉन्व्हेंटातल्या मदरसुद्धा नुसती फुली मारत नसत. कुठे चुकलं, का चुकलं, आता काय करायचं हे सांगून मगच कान पिळत.

तडक त्याच्या ऑफिसात गेले. म्हणाला, “मावशी, उंची सेंटिमीटरमध्ये हवी. तू पाच लिहिलंस.” म्हटलं, “मग तेवढं सांगायला तुझ्या प्रोग्रॅमची जीभ झडली होती का?” तेव्हा कळलं की प्रत्येक अट तपासणारी ओळ त्याने व्यवस्थित लिहिली होती, आणि अट मोडली तर काय म्हणायचं त्यासाठी शेजारी जागाही होती. त्या जागेत या आळशाने सगळीकडे ‘चूक’ चिकटवून दिलेलं! मी खुर्ची ओढली. मी सांगत गेले, तो टाइप करत गेला. काय मजा आली म्हणून सांगू! आता उंची पाच लिहिली की येतं, ‘उंची सेंटिमीटरमध्ये लिहा. पाच सेंटिमीटरच्या माणसाला तलाव कशाला, वाटी पुरे.’ जन्मतारीख पुढच्या वर्षाची टाकली तर, ‘आधी जन्म घ्या, मग या.’ लोक वाचायला म्हणून मुद्दाम चुकतात म्हणे!

एक नवी अट तर मीच घालायला लावली. अडचणीत कळवायचा नंबर स्वतःचा चालणार नाही. ‘तुम्ही बुडत असताना तुमचा फोन कोण उचलणार? दुसऱ्या कुणाचा द्या.’ पोरगा हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी होता.

तुझी,
ताई

ता. क. : सभासदत्व अजून मिळालेलं नाही. त्या अडचणीच्या नंबराच्या रकान्यात मी सवयीने माझाच नंबर लिहिला होता.

आणखी एक : आपल्या भांडणानंतर तू नंबर बदललास आणि मला कळवला नाहीस. मी विचारणारही नव्हते. (चिरंजीवाचा दिला असता, पण तो फोन न उचलता ‘चूक’ एवढाच निरोप धाडेल.) तेव्हा उलट टपाली तुझा पाठव. आणि वाजला तर उचल हो.